गट नंबर एकशे अठराच्या वरचं आभाळ

महादेवप्पा बिरादार यांच्या मालकीचं आभाळ गट नंबर एकशे अठराच्या बरोबर वर आहे, हे कुरुळहिप्पळग्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द महादेवप्पांनाही ते श्रावणातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास कळलं. त्या वेळी ते आपल्या सोयाबीनमध्ये तांब्या घेऊन बसले होते.

गाव हागणदारीमुक्त होऊन सात वर्षं झाली. तशी पाटी वेशीत आहे. महादेवप्पांच्या घरी संडासही आहे. त्यात खताच्या रिकाम्या गोण्या, तुराट्यांचा भारा आणि एक बंद पडलेला कूलर सुखानं नांदतात. पण साठी उलटलेल्या माणसाचं मन नव्या जागेत रमत नाही. सोयाबीन मांडीला लागलेलं, बसलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. वरून फक्त महादेव बघणार. त्याला ते रोज बेल वाहत असल्यामुळं त्या बाजूची त्यांना काळजी नव्हती.

आणि अचानक वरून घोंगाट आला. भुंग्यांचं अख्खं मोहोळ डोक्यावर यावं तसा. महादेवप्पांनी वर पाहिलं. सहा हातांचं, पोटाला पांढरी टाकी बांधलेलं यंत्र त्यांच्या आणि महादेवाच्या मधोमध आलं होतं. ते अर्धे उठले, मग धोतराची परिस्थिती ध्यानात येऊन पुन्हा बसले. यंत्र पुढं निघून गेलं. पाच-सहा मिनिटांनी परत आलं. टाकी भरून पुन्हा गेलं. तिसऱ्या फेरीला महादेवप्पा धोतर आवरून, तांब्या तिथंच टाकून, रस्त्याकडं निघाले.

रस्त्यावर दगडोबा शेळक्यांचं कुटुंब कामाला लागलं होतं. दगडोबाची सून तनुजा गळ्यात रिमोट अडकवून उभी होती. नवरा आदिनाथ ड्रमातल्या पाण्यात औषध कालवत होता. तो बायकोच्या ड्रोनच्या बॅटऱ्या वाहतो म्हणून गावात त्याला 'मॅडमचा ड्रायव्हर' म्हणतात. आता तो त्या नावाला ओ पण देतो. सासरा दगडोबा दुखऱ्या गुडघ्याला रुमाल बांधून गाडीच्या फळीवर बसला होता. सासू तुळजाबाई यंत्राला हळदीकुंकू लावून बाजूला झाली होती.

दगडोबाच्या तीन एकरांचा प्रश्न जुना आहे. रस्त्याला लागून दोन शेतं. डावीकडं महादेवप्पांचं, उजवीकडं भामाबाईंचं. भामाबाईंच्या पलीकडं ओढा. आणि महादेवप्पांच्या बरोबर मागं दगडोबाचं. दगडोबाच्या शेताला वाट नाही. वाटेचा दावा तहसिलीत बावीस वर्षं चालू आहे. त्यात तीन तहसीलदार रिटायर झाले आणि एक बैलजोडी म्हातारी होऊन वारली. पावसाळ्यात खताची गोणी डोक्यावर घेऊन बांधानं जायचं, काळ्या चिखलात एक पाय काढला की दुसरा रुतायचा. मागच्या आठवड्यात दगडोबा पाठीवर पंप घेऊन असाच गेला आणि बांधावरून पंपासकट आडवा झाला. औषध सगळं एका सराट्याच्या झुडपावर पडलं. त्या झुडपावर अजून एकही अळी नाही.

म्हणून तनुजाचा ड्रोन. तो तिच्या महिला गटाला मिळालेला. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, परीक्षा, सर्टिफिकेट, सगळं तिनं केलं होतं. अट एकच होती: पोळ्यापर्यंत तीनशे एकर फवारणी झाली पाहिजे, नाहीतर यंत्र शेजारच्या तालुक्यातल्या गटाला जाणार. एकशे नव्वद झाली होती. गावातली बाकी राहिली होती, कारण आधी घरची सून काय दिवे लावते ते बघू, असं गावानं ठरवलं होतं.

"खाली घे ते!" महादेवप्पा बांधावरूनच ओरडले.

"आप्पा, खाली कुठं घेऊ? खाली तुमचं सोयाबीन हाय," तनुजा म्हणाली.

"मग वरबी माझंच हाय!"

ते स्वतःच या वाक्यानं जरा दचकले. पण बोलून झालं होतं, आणि ऐकायला बरंही वाटलं होतं.

"वरचं कसं काय तुमचं, आप्पा?" आदिनाथनं विचारलं.

"गप ड्रायव्हर. मालकिणीला बोलू दे." महादेवप्पा तनुजाकडं वळले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सूनबाई, ह्याला कॅमेरा हाय का?"

"हाय की."

"त्यात काय काय दिसतंय?"

"आडवं आलेलं दिसतंय. झाड, तार, खांब."

"आन् बसलेलं?"

तनुजानं रिमोटवरून नजर काढली नाही. तिला पहिल्याच फेरीत हिरव्या सोयाबीनमध्ये पांढरं धोतर दिसलं होतं, आणि तिनं यंत्र लगबगीनं आणखी वर नेलं होतं.

"बसलेलं काईच दिसत न्हाई, आप्पा."

हे तिनं इतक्या आदरानं सांगितलं की महादेवप्पांची खात्रीच पटली, हिनं सगळं बघितलंय. आता आभाळाचा प्रश्न सोडून देणं त्यांना शक्य नव्हतं.

"बावीस वर्षं झाली, खालून वाट दिली न्हाई. वरून देईन का? आज वरून यंत्र नेलं, उद्या त्याची वहिवाट होती, परवा कोर्ट म्हणतंय ह्येंचा हक्क झाला. मी अर्ज करून ऱ्हायलोय."

"करा की. पर आजचं फवारून होऊ द्या. अळी थांबत न्हाई, आप्पा."

"अळीला सांग, प्रकरण चालू हाय."

ते घरी गेले आणि माळ्यावरून गोफण काढून आले. ज्वारीच्या राखणीला वापरायची ती. एक गुळगुळीत दगड तिच्यात बसवून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. तनुजानं यंत्र खाली घेतलं. पाऊण एकर झालं होतं.

तिनं ट्रेनिंगच्या मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, "आपला भाग हिरव्या झोनमध्ये आहे, चारशे फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. ज्याच्या शेतातून उडवायचं, उतरवायचं, त्याला विचारा. नुसतं वरून जाण्याबद्दल वेगळं असं लिहिलेलं नाही. माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका, कुणाच्या घरात डोकावू नका, भांडू नका."

"म्हंजे मला हक्क हाय?"

"हक्क आहे."

"सर, पर समोर गोफणबी हाय."

मास्तरांनी तिकडं पानं चाळली. मग म्हणाले, "पुस्तकात गोफण नाही."

दुसऱ्या दिवशी तलाठी मंजुषा मॅडम आल्या. त्या मूळच्या धर्माबादकडच्या. पाच गावांचा चार्ज आणि एक स्कूटी. महादेवप्पांचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. 'माझ्या मालकीच्या गट नंबर ११८ च्या वरील आभाळातून विनापरवाना वहिवाट करून मला मानसिक त्रास,' असा मजकूर होता.

"आप्पा, सातबाऱ्यात आभाळाचा रकाना नाही."

"इतर हक्कात लावा ना मॅडम. तिथं तुमी विहीर लावता, झाडं लावता. आभाळ लावायला काय जागा कमी पडती का?"

"चतुःसीमा चारच असतात. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर."

"वरच्या अंगाला निरंक लिवता का मग?"

मंजुषा मॅडमनी पेन कपाळाला लावलं. नोकरीच्या अकरा वर्षांत त्यांनी बांधावरून डोकी फुटलेली पाहिली होती, विहिरीच्या बाराव्या हिश्श्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातून तोंड फिरवून जाताना पाहिले होते. आभाळ आजवर कुणी मागितलं नव्हतं. एकदा सुरुवात झाली की सगळेच मागणार, हे त्यांनी ओळखलं. त्यामुळं आभाळ कुणाचं या प्रश्नाला हात न लावता, वाटेच्या कोणत्याही भांडणात महसूल खातं जे करतं तेच त्यांनी केलं.

"हे बघा. गाडीवाट द्यायची झाली तर शेताच्या मधून देत नाहीत, बांधानं देतात. ड्रोननं पण बांधानं जायचं. तुमच्या आणि भामाबाईंच्या मधल्या बांधावरून सरळ मागं. इकडं नाही, तिकडं नाही. मंजूर?"

महादेवप्पांना हे फार आवडलं. निर्णय त्यांच्या बाजूनं लागला होता. आभाळाला बांध असतो हे सरकारनं मान्य केलं होतं. त्यांनी सही केली. तनुजानंही केली. भामाबाईंनी अंगठा दिला. त्या अंगठा देताना म्हणाल्या, "बांधानं जाऊ द्या बाई. बांध माझाबी हाय अर्धा."

भामाबाई पन्नाशीच्या, एकट्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. दोन एकर ओढ्याकडचं रान स्वतः कसतात. दरसाल पेरणीला त्यांना वाटायचं की ओळी कमी भरतात. तिफणवाला म्हणायचा, तिफण रुंद झाली असेल.

गुरुवारी सकाळी ड्रोन बांधानं कसा जातो ते बघायला अर्धं गाव रस्त्यावर आलं. महादेवप्पा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून आले होते. मंजुषा मॅडमनी गावनकाशा दिला होता. तनुजानं तो रिमोटात घेतला, रस्त्याकडचा नि ओढ्याकडचा असे दोन जुने हद्दीचे दगड धरून जुळवला आणि बांधाची रेघ ओढली. बटण दाबलं. यंत्र उठलं, पंधरा फुटांवर स्थिर झालं आणि ओळंबा लावावा तसं सरळ निघालं.

पहिली पन्नास पावलं सगळं ठीक होतं. मग बांध उजवीकडं वळला. यंत्र वळलं नाही. ते महादेवप्पांच्या सोयाबीनवरून सरळ चाललं.

"ओ! ओ सूनबाई! बांध इकडं हाय! वळव!"

"बांधानंच चाललंय, आप्पा."

"बांध ह्यो बघ की! डोळं फुटलं का?"

"ह्यो तुमचा बांध. त्यो नकाशातला."

रस्त्यावरची कुजबूज थांबली. सगळ्यांनी आधी जमिनीवरचा बांध पाहिला. तो जेवलेल्या माणसाच्या पोटासारखा भामाबाईंच्या रानात पुढं आला होता. मग वरचं यंत्र पाहिलं. दोन्हींच्या मधे महादेवप्पांचं आठ फूट सोयाबीन डोलत होतं.

"यंत्र नादुरुस्त हाय," महादेवप्पा म्हणाले.

भामाबाई रस्त्यावरून खाली उतरल्या. त्यांच्या काखेत तुराट्यांची पेंढी होती, वेल चढवायला आणलेली. त्या आठ फूट आत शिरल्या, यंत्राच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालू लागल्या आणि दर पाच पावलांवर एक तुराटी रोवत गेल्या. मान वर, हात खाली. यंत्र पुढं सरकलं की त्या सरकायच्या. यंत्राच्या वाऱ्यानं पदर उडत होता, तो त्यांनी दातात धरला होता. शेवटच्या टोकाला, दगडोबाच्या बांधाजवळ, तुराटी आत जाईना. त्यांनी विळ्यानं माती उकरली. खाली चौकोनी दगड लागला. वरच्या अंगाला हद्दीची खूण कोरलेली.

"आप्पा," भामाबाई दातातला पदर सोडून म्हणाल्या, "दगडबी नादुरुस्त हाय का?"

गाव हसलं. ते हसणं तासभर टिकलं. मग एकेक जण हसायचा थांबून आपापल्या बांधाकडं निघाला.

कारण बांध कुणी एका दिवसात खात नाही. कुळवाची शेवटची पाळी जरा बाहेरून घ्यायची. ट्रॅक्टरवाल्याला 'जरा चिकटून मार' म्हणायचं. साली चार बोटं. शेजाऱ्याला दिसत नाही, कारण तो त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याची चार बोटं घेण्यात गुंतलेला असतो. असं पन्नास वर्षं चाललं की गावच्या गाव हळूहळू एका अंगाला सरकतं, आणि सगळेच सरकल्यामुळं कुणाला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो शेवटच्याला. भामाबाईंच्या पलीकडं ओढा होता. ओढ्याला खाता येत नाही; उलट तोच खातो.

शुक्रवारी सकाळी मंजुषा मॅडमच्या स्कूटीच्या डिकीत सतरा अर्ज होते. सगळ्यांना आपापल्या आभाळाचा एकदम लळा लागला होता. एकानं बायकोच्या लज्जेचं कारण दिलं होतं, एकानं म्हशीच्या दुधाचं. एकानं नुसतंच 'आभाळ माझ्या आज्याचं आहे' असं लिहिलं होतं. तनुजाचे पुढच्या आठवड्याचे सगळे नंबर रद्द झाले. एकशे नव्वदवर काटा थांबला.

उलट बायका येऊ लागल्या. ओढणीत, पदरात तोंड लपवून, मागच्या दारानं. "तनुजा, औषध नको टाकू. नुसती एक चक्कर मार माझ्या बांधावरून."

"मावशी, मी फवारणीवाली हाय. मोजणीवाली न्हाई."

"फवारता फवारता बघ की जराक."

दुपारी ती बांधानं चालत स्वतःच्या तीन एकरांत गेली. पायात चिखलाचे दोन-दोन किलोचे बूट झाले. सोयाबीनची पानं चाळणीसारखी झाली होती. एक पान उलटलं तर हिरवी उंटअळी पाठ वर काढून, आरामात, घरच्यासारखी चालली होती. फवारलेल्या पाऊण एकरात मेलेल्या अळ्या होत्या, बाकी सव्वादोन एकरांत जेवणं चालू होती. आणखी चार दिवस, मग शेंगा धरायला पानच राहणार नव्हतं.

परत येताना बांधावर महादेवप्पा भेटले. हातात सुतळीचा गुंडा. चेहरा उपाशी माणसासारखा.

"सूनबाई, मी रात्रभर झोपलो न्हाई."

"कामून आप्पा?"

"रस्त्यापासून मागच्या बांधापर्यंत माझं रान मोजून ऱ्हायलोय. तीनदा मोजलं. आठ फूट कमी भरतंय." त्यांनी सुतळी तिच्यासमोर धरली, जणू सुतळीनंच खाल्लं असावं. "भामाबाईकडचं मी खाल्लं. घे, कबूल. पर मागून मला कोण खाल्लं? मागं कोण हाय माझ्या?"

मागं कोण आहे हे तनुजाला माहीत होतं. ती रोज त्याचं चहापाणी सांभाळत होती.

"त्या मागच्या बांधावरून उडव तुझं यंत्र," महादेवप्पा म्हणाले. "सगळ्यांसमोर. माझं मला मिळालं तर भामाबाईचं तिला देतो, आन् तुझ्या वाटेला जात न्हाई. न्हाईतर गोफण हाय आन् मी हाय."

घरी चुलीजवळ बसून तिनं हे सांगितलं तेव्हा दगडोबाच्या तोंडातला भाकरीचा घास तिथंच थांबला.

"महादेवप्पाचं डोकं फिरलंय," तो म्हणाला. "मागचा बांध आज्याच्या वक्ताचा हाय. तसाच हाय."

तुळजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तसाच कसा? दरसाल तुमीच तर कुळवाची एक पाळी बाहेरून मारत होता. मी मागनं धसकटं येचत होते की."

"तुला कोण इचारलं?"

"कुणीच न्हाई. बाईला कोण इचारतंय."

आदिनाथ ताटात बघून हसू दाबत होता. दगडोबा त्याच्यावर उखडला. "हस, ड्रायव्हर! सासऱ्याचा बांध सुनेनं उघडा पाडायचा, हे कुठल्या गावात झालंय का? बावीस वर्षं मी तहसिलीत ताठ मानेनं उभा ऱ्हायलो. महादेवप्पा चोर, मी साव. उद्या कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मामा," तनुजा म्हणाली, "आठ फूट ठेवायचं का तीन एकर?"

"इज्जत ठेवायची."

"इज्जतीला अळी लागत न्हाई. सोयाबीनला लागली." तिनं ताट बाजूला सारलं. "यंत्र गेलं की परत तुमीच पंप घेऊन बांधानं जाणार. त्या गुडघ्यावर. मागच्या सोमवारी तुमाला चिखलातून मी आन् ह्येंनी काढलं. तवा इज्जत पंपाखाली होती."

दगडोबानं गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं थांबलेला घास चावला, फार वेळ चावला.

शनिवारी सकाळी आख्खं गाव होतं. सतरा अर्जदार पहिल्या ओळीत. मंजुषा मॅडम हेल्मेट हातात धरून उभ्या. तनुजानं मागच्या बांधाची रेघ ओढायला घेतली आणि दगडोबाला एकाएकी यंत्रशास्त्राची गोडी लागली.

"सूनबाई, बॅटरी उतरली वाटतंय."

"भरलीय, मामा."

"एक पंखा ढिला दिसतोय."

"आवळलाय."

"वारं लई सुटलंय."

वारं इतकं पडलेलं होतं की मंजुषा मॅडमच्या हातातला कागद हलत नव्हता. दगडोबानं शेवटचा उपाय केला. "नारळ फोडला न्हाई," तो म्हणाला.

तुळजाबाईनं पिशवीतून नारळ काढून दगडावर आपटला. "फुटला," ती म्हणाली. "उडव गं."

यंत्र भामाबाईंच्या तुराट्यांवरून सरळ मागं गेलं, कोपऱ्यातल्या चौकोनी दगडावर थांबलं, काटकोनात डावीकडं वळलं. आणि चालू लागलं. दगडोबाचा बांध खाली राहिला. यंत्र दगडोबाच्या सोयाबीनमध्ये आठ फूट आतून, न लाजता, सरळ शेवटापर्यंत गेलं.

गाव दगडोबाकडं वळलं. दगडोबा आपल्या गुडघ्यावरच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

महादेवप्पा चिखल तुडवत कोपऱ्यापर्यंत आले. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. मग त्यांचा चेहरा असा उजळला की त्यांना जमीन मिळाली की लेकाचं लग्न ठरलं, कळेना.

"शिवा, शिवा! दगडोबा, मर्दा! बावीस वर्षं वाट मागून ऱ्हायलास, आन् आठ फूट रुंदीची वाट तर तूच पेरून ऱ्हायलास की!"

"चूक झाली, आप्पा," दगडोबा रुमालाकडं बघत म्हणाला. हे शब्द त्यानं इतके हळू उच्चारले की मागच्या ओळीतल्यांनी 'काय म्हणला?' म्हणून विचारलं आणि पुढच्यांनी मोठ्यानं सांगितलं. मग ते गावाच्या शेवटापर्यंत सांगत गेले. दगडोबाला तेवढं सगळं उभं राहून ऐकावं लागलं.

मंजुषा मॅडम म्हणाल्या, रीतसर मोजणीशिवाय हे काहीच खरं नाही, पण तिघांची राजीखुशी असेल तर त्या लिहून घेतात. महादेवप्पांनी सही केली. दगडोबानं केली. भामाबाईंनी अंगठा दिला आणि विचारलं, "आप्पा, जमीन ज्याची, वरचं आभाळ त्याचं, असंच म्हणला होता ना तुमी?"

"हाव. म्हणलो होतो."

"मग त्या तुराट्यांपासून इकडचं आभाळ माझं. तनुजा, ने बाई तुझं यंत्र. रोज ने. माझी परवानगी हाय."

सतरा अर्जदारांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांतल्या दोघा-तिघांचं रान मागच्या शेजाऱ्यानं खाल्लेलं असण्याची शक्यता होती, हे त्यांच्या आता ध्यानात येऊ लागलं होतं. "आमचा नंबर कवा लागंल?" एकानं घसा साफ करून विचारलं. "मंगळवारी," आदिनाथ वही काढत म्हणाला.

आदिनाथनं टाकी भरली. यंत्र भामाबाईंच्या आभाळातून मागं गेलं आणि सव्वादोन एकरांवर ओळीनं फिरू लागलं, औषधाचा बारीक धूर सोडत. दगडोबा मान वर करून बघत होता. तिसऱ्या टाकीला त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "बेस मारतंय." तनुजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण रिमोटवरचा तिचा अंगठा जरा सैल झाला.

शेवटची ओळ संपली. यंत्र नव्या हद्दीवर येऊन थांबलं. त्याच्यापुढं आठ फुटांचा पट्टा कोरडा राहिला होता. त्यातल्या पानापानावर अळी चालत होती.

"सूनबाई! एवढा पट्टा राहिला की!" महादेवप्पा पट्ट्यातूनच ओरडले.

"तो तुमचा हाय, आप्पा."

"मग अळी माझ्या सगळ्या रानात येईल की!"

"येईल. पर तिथलं आभाळ तुमचं हाय. परवानगीशिवाय कसं येऊ?"

महादेवप्पांनी रस्त्यावरच्या गर्दीकडं पाहिलं. गर्दी त्यांच्याकडंच पाहत होती. त्यांनी गोफण कमरेला गुंडाळली, आणि वळणावर एसटी थांबवायला करतात तसे दोन्ही हात वर केले.

"ये," ते यंत्राला म्हणाले. "ये बाबा. मार."

"आधी तुमी बाहेर निघा, आप्पा. औषध अंगावर पडतंय. माणसावरून मी उडवत न्हाई."

महादेवप्पा धोतर वर धरून उजवीकडं निघाले, तुराट्यांच्या रांगेशी आले आणि पलीकडं जायला त्यांनी पाय उचलला.

"आप्पा," भामाबाई म्हणाल्या, "ते माझं रान हाय."

महादेवप्पांचा पाय अधांतरीच राहिला. एका पायावर चिखलात उभं राहणं साठी उलटलेल्या माणसाला सोपं नसतं. त्यांनी एक तुराटी धरली. तीही भामाबाईंची होती, म्हणून लगेच सोडली.

"भामाबाई," ते म्हणाले, "येऊ का?"

भामाबाईंनी विळा कमरेला खोचला, पदर झटकला, नीट डोक्यावर घेतला. घाई केली नाही. पंधरा वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. वर यंत्र जागच्या जागी घोंगावत थांबलं होतं, आणि तनुजा रिमोट धरून, त्या काय म्हणतात याची वाट बघत उभी होती.